दुसऱ्या प्रतीचा इतिहास

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. येलदरीच्या एका शाळेत शिकवणारे आमचे एक स्नेही काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे आले, ते वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली एक चकती घेऊनच. शाळेच्या २००५ सालच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण तिच्यावर होते. मुलांची नाटुकली, गाणी, बक्षीससमारंभ आणि सर्वांत शेवटी त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचे भाषण. ते मुख्याध्यापक आता हयात नाहीत आणि त्यांचा आवाज शाळेकडे दुसरीकडे कुठेही नाही.

"सर, पूर्वी नीट लागत होती. आता मध्येच अडकते, चित्राचे चौकोन होतात," ते म्हणाले. "ज्यांनी चित्रण केलं त्यांनी मूळ टेपवर पुढे कुणाचं तरी लग्न घेतलं. आमच्याकडे आहे ती ही एवढीच."

त्यांचा दुसराही एक प्रश्न होता. शाळेच्या कपाटात विकत घेतलेल्या विज्ञानपटांच्या आणि मराठी चित्रपटांच्या डीव्हीडी होत्या. त्याही अशाच खराब होणार, म्हणून त्यांची एकेक प्रत काढून ठेवावी, तर प्रत निघेना. कुणी सांगितले की त्यांना कुलूप असते आणि ते उघडणे गुन्हा आहे. खरे काय?

पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, दुसरा कायद्याचा. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हलत्या चित्रांच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात जे टिकले ते बहुतेक वेळा कुणीतरी दुसरी प्रत ठेवली म्हणून टिकले. हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे, कारण आज अशा चकत्या महाराष्ट्रातील असंख्य शाळांच्या कपाटांत आणि घरांच्या फडताळांत पडून आहेत.

एक राहिला, एक गेला

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. भारतीय चित्रपटाचा इतिहास आपण येथून मोजतो. पण हा चित्रपट आज आपल्याला संपूर्ण पाहता येत नाही. त्याचे काही भागच शिल्लक आहेत आणि तेही फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीचे असावेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. उलट त्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' बराचसा हाती लागला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्यावर 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्याची प्रत उपलब्ध नाही. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा. त्याचीही प्रत उपलब्ध नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने काढलेला पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' मात्र आपण आजही पाहू शकतो.

एकाच काळातील, सारख्याच फिल्मवर काढलेल्या या चित्रपटांपैकी काही राहिले आणि काही गेले. ती फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. या पदार्थाचे बंदुकीच्या कापसाशी रासायनिक नाते आहे. तो भडकन पेट घेतो, आणि पेटला नाही तरी वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होत चिकट होतो व शेवटी त्याची भुकटी होते. शिवाय जुन्या फिल्ममधील चांदी काढून विकण्यासाठीही कितीतरी रिळे नष्ट केली गेली. चित्रपटाची प्रत फक्त प्रयोगशाळेतच निघू शके. प्रेक्षकाच्या हाती काहीच नव्हते. निर्मात्याने किंवा वितरकाने प्रत जपली तर ती राहिली, नाही तर गेली.

१९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर यांनी अनेक वर्षे अशा विखुरलेल्या रिळांचा शोध घेतला. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे भाग आज आपल्याला दिसतात ते बरेचसे त्यांच्या या खटाटोपामुळे. मात्र एका जागी जमा केले म्हणजे धोका संपत नाही. २००३ साली पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या एका कोठाराला आग लागली आणि मोठा साठा जळाला. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर काढून दुसरीकडे ठेवल्या होत्या, ते चित्रपट त्या आगीतूनही वाचले. जतन करायचे तर दुसरी प्रत हवी आणि ती दुसऱ्या जागी हवी, हा धडा येथे मिळतो.

झेरॉक्सची झेरॉक्स

प्रत काढण्याची सोय प्रथमच घरात आणली ती चुंबकीय टेपने. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि त्यासुमारास व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर शहरांतल्या घरांत दिसू लागला. पाठोपाठ तो भाड्याने तालुक्याच्या गावी पोहोचला. एका यंत्रात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, मध्ये एक वायर, की झाली प्रत.

घरी अशी नोंद करून ठेवण्याचा हक्क ग्राहकाला आहे का, हा वाद अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी १९८४ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला, की दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी टेप करून ठेवणे हा उचित वापर आहे. या वादात एक बाजू फारशी पुढे आली नाही. अशा घरगुती नोंदींनी खुद्द प्रक्षेपण संस्थांचा ठेवा वाचवला आहे. बीबीसीने १९६०च्या दशकातील 'डॉक्टर हू' या मालिकेचे अनेक भाग टेपचा पुनर्वापर करण्यासाठी पुसून टाकले. त्या हरवलेल्या सर्व भागांचा निदान आवाज तरी आज उपलब्ध आहे. प्रक्षेपणाच्या वेळी काही प्रेक्षकांनी आपापल्या घरी टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून घेतला होता.

टेपमध्ये एक उणीव मात्र होती. शिक्षकांना तिचा अनुभव वेगळ्या प्रकारे आहेच. प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स काढावी, मग त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढावी, असे चार-पाच वेळा केले की अक्षरे फुटू लागतात. टेपवरील चित्र हे विद्युत्-संदेशाच्या अखंड चढउतारांच्या रूपात असते. प्रत काढताना त्यात थोडी खरखर मिसळते. पुढच्या यंत्राला मूळ चढउतार कोणता आणि मिसळलेली खरखर कोणती हे ओळखता येत नाही, म्हणून ते दोन्हींची प्रत काढते. अशा रीतीने प्रत्येक पिढीगणिक दोष साचत जातात.

चित्र तबकडीवर

तबकडीवर चित्र साठवण्याची कल्पना टेपहूनही जुनी आहे. दूरचित्रवाणीचे एक जनक जॉन लॉगी बेअर्ड यांनी १९२७ साली ग्रामोफोनच्या तबकडीवर तीस रेषांचे चित्र कोरून पाहिले. त्यांच्या हयातीत त्या तबकड्यांवरून समाधानकारक चित्र कधी दिसले नाही. १९८०च्या दशकात डॉन मॅकलीन या अभियंत्याने संगणकाच्या साहाय्याने त्यांतील चेहरे बाहेर काढले. मूळ नोंद हाती असेल तर पुढच्या पिढीचे तंत्र तिच्यातून काय काढील हे सांगता येत नाही.

लेसर किरणाने वाचली जाणारी पहिली चित्रचकती, लेसरडिस्क, १९७८ साली अमेरिकेत विक्रीस आली. १९८२ मध्ये ध्वनीसाठी सीडी, १९९३ मध्ये त्याच आकाराच्या चकतीवर चित्र साठवणारी व्हीसीडी आणि १९९६ मध्ये डीव्हीडी असा पुढचा क्रम आहे. आमच्या मराठवाड्यात लग्नाचे आणि संमेलनाचे चित्रण हाती पडू लागले ते प्रामुख्याने व्हीसीडीच्या रूपात. एका चकतीवर ७४ मिनिटे बसत, म्हणून चित्रपटाच्या दोन चकत्या येत.

चकतीच्या एका बाजूला चकचकीत धातूचा पातळ थर असतो आणि त्यात सर्पिलाकार मार्गावर अतिसूक्ष्म खड्डे असतात. खड्ड्यावरून आणि सपाट भागावरून परतणाऱ्या प्रकाशातील फरकावरून एक आणि शून्य वाचले जातात. खड्डे किती जवळ असू शकतील हे लेसर किरणाचा ठिपका किती बारीक करता येतो यावर ठरते. ठिपक्याचा व्यास हा तरंगलांबी भागिले भिंगाची अंकीय क्षमता, या प्रमाणात असतो. विद्यार्थ्यांना पुढील गणित करायला द्यावे.

सीडीसाठी तरंगलांबी ७८० नॅनोमीटर आणि भिंगाची क्षमता ०.४५. भागाकार सुमारे १७३३.
डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर आणि ०.६०. भागाकार सुमारे १०८३.
ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर आणि ०.८५. भागाकार सुमारे ४७६.

डीव्हीडी आणि ब्लू-रे यांच्या भागाकारांचे गुणोत्तर २.२७ येते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून त्याचा वर्ग घ्यावा. तो ५.१७ येतो. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मावतात. त्याला ५.१७ ने गुणले तर सुमारे २४ येतात, आणि ब्लू-रेची प्रत्यक्ष क्षमता २५ आहे! सीडी आणि डीव्हीडी यांच्यात मात्र हे गणित इतके जुळत नाही. डीव्हीडीची क्षमता या हिशेबाने येते त्याहून जास्त आहे, कारण तेथे माहिती मांडण्याची पद्धतही अधिक काटकसरीची केली गेली.

खड्ड्यांच्या ओळींमधील अंतर वर्गातही मोजता येते. ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेसर सीडीवर लंबरूप टाकला तर मधल्या परावर्तित ठिपक्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे २४ अंशांवर ठिपके दिसतात. ओळींमधील अंतर × कोनाची ज्या = तरंगलांबी, या सूत्रावरून अंतर १.६ मायक्रोमीटर निघते. डीव्हीडीवर हाच कोन सुमारे ६१ अंश होतो आणि अंतर ०.७४ मायक्रोमीटर येते. ब्लू-रेच्या ओळी ०.३२ मायक्रोमीटर अंतरावर, म्हणजे तरंगलांबीपेक्षाही जवळ असतात, म्हणून तेथे बाजूचे ठिपके उमटतच नाहीत. हे का, ते मुलांना विचारावे. लेसर किरण कुणाच्याही डोळ्यांत जाणार नाही, याची काळजी शिक्षकांनीच घ्यावी.

गुणपत्रकातील बेरीज

चकतीवर चित्र आकड्यांच्या रूपात असते, त्यामुळे प्रतीचा प्रश्नच बदलून जातो. आकडा उतरवून घेताना त्यात खरखर मिसळत नाही. एक हा एकच राहतो. शंभरावी प्रतही पहिलीसारखीच असते. पण आकडा वाचताच आला नाही तर? चकतीवर ओरखडा हा येणारच. त्यासाठी योजलेली युक्ती फार सुंदर आहे.

वर्गाच्या गुणपत्रकात प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांची आडवी बेरीज असते. समजा, प्रत्येक विषयाची उभी बेरीजही लिहिली. आता एका चौकटीवर शाई सांडली तरी काळजी नाही. आडव्या बेरजेतून उरलेले गुण वजा केले की पुसलेला आकडा मिळतो. एखादा आकडा चुकीचा लिहिला गेला असेल, तर कोणती आडवी आणि कोणती उभी बेरीज जुळत नाही त्यावरून नेमकी चौकट सापडते. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० साली याहून कितीतरी समर्थ अशा बेरजांची पद्धत मांडली. डीव्हीडीवर माहिती खरोखरच अशा तक्त्यांत असते. १९२ ओळी आणि १७२ स्तंभ माहितीचे, आणि त्यांना जोडून १६ ओळी व १० स्तंभ पडताळणीचे. संपूर्ण तक्त्याचा सुमारे आठवा हिस्सा केवळ चुका सुधारण्यासाठी राखलेला असतो.

व्हीसीडीच्या बाबतीत मात्र एक तडजोड केली गेली. संगणकाची माहिती ठेवणाऱ्या सीडीत मूळच्या सुधारणा-व्यवस्थेवर आणखी एक थर असतो. प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहिती आणि २७६ बाइट जादा सुधारणेचे. व्हीसीडीत ही २७६ बाइटची जागाही चित्राला दिली, म्हणून प्रत्येक खंडात २३२४ बाइट चित्र मावते. चित्रात क्षणभर एखादा ठिपका चुकला तर बिघडते कुठे, असा त्यामागील विचार होता. चकती नवी असेपर्यंत तो बरोबरच होता. वीस वर्षांनी चकती खराब होऊ लागली, की हीच काटकसर नडते.

कुलूप आणि किल्ली

आता विकत घेतलेल्या डीव्हीडींकडे वळू. प्रत मुळाबरहुकूम निघते हे चित्रपट कंपन्यांच्या लक्षात आले होते. टेपच्या काळात प्रत प्रत्येक पिढीत खराब होई, हेच एक प्रकारचे संरक्षण होते. ते गेल्यावर त्यांनी १९९६ साली डीव्हीडीवर सांकेतिक कुलूप बसवले. चित्रपट सांकेतिक रूपात ठेवायचा आणि किल्ली चकतीच्या आतल्या कडेच्या एका राखीव पट्ट्यात ठेवायची. कोऱ्या चकतीवर हा पट्टा लिहिता येत नाही. त्यामुळे बाकी सारे जसेच्या तसे उतरवले तरी किल्ली मागेच राहते आणि प्रत चालत नाही. आमच्या स्नेह्यांची प्रत न निघण्याचे कारण हेच.

ही किल्ली ४० बिटांची होती, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. संख्या मोठी वाटते, पण कुलपाच्या रचनेत दोष होते आणि त्यामुळे प्रत्यक्षात फारच थोड्या शक्यता तपासाव्या लागत. १९९९ साली हे कुलूप उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध झाली. तिच्याशी नॉर्वेतील यॉन योहान्सेन या त्या वेळी अवघ्या पंधरा वर्षांच्या मुलाचे नाव जोडले गेले आणि त्याच्यावर खटला झाला. आपण विकत घेतलेली चकती आपल्याच संगणकावर पाहण्यासाठी हे केले, असे त्याचे म्हणणे होते. जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षअखेरीस वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम केला.

इतर देशांत याच प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी आली. अमेरिकेने १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडणे हेच, काही अपवाद वगळता, निषिद्ध ठरवले. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये स्वतःच्या वापरासाठी प्रत काढण्याची मुभा दिली आणि जुलै २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार कायदा आहे. त्याच्या ५२व्या कलमात खाजगी वापरासाठी उचित व्यवहाराची मुभा होतीच, पण ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कला यांपुरती होती. चित्रपटाचा उल्लेख तीत नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुभा संगणकाच्या आज्ञावली वगळून सर्व कृतींना लागू झाली. त्याच दुरुस्तीने ६५अ हे नवे कलम आले. हक्कभंग करण्याच्या उद्देशाने तांत्रिक कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, असे ते म्हणते. 'हक्कभंग करण्याच्या उद्देशाने' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कारणासाठी कुलूप उघडणे या कलमात येत नाही. मात्र असे कुलूप दुसऱ्याला उघडून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवली पाहिजे, अशी अट आहे.

याचा साधा अर्थ असा. स्वतः विकत घेतलेल्या चकतीची एक प्रत स्वतःसाठी ठेवणाऱ्याला आपल्या कायद्यात आधार आहे. 'उचित' म्हणजे किती, हे मात्र प्रत्येक प्रकरणात न्यायालय ठरवते. ती प्रत विकणे, भाड्याने देणे किंवा गावभर वाटणे याला काहीच आधार नाही. शाळा ही व्यक्ती नसल्याने शाळेच्या कपाटाची गोष्ट थोडी निराळी आहे. कायद्यात अध्यापनाच्या ओघात प्रत काढण्याचा स्वतंत्र अपवाद आहे. सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभाही २०१२ साली मिळाली, पण ती मूळ प्रत अंकीय नसेल तरच. म्हणजे जुन्या पुस्तकाला ती लागू आहे, चकतीला नाही! चकतीही नाशवंत आहे, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात त्या वेळी आले नसावे. शाळेने विज्ञानपटाच्या निर्मात्याला पत्र लिहून परवानगी मागावी, हाच आमच्या मते सरळ मार्ग. शैक्षणिक चित्रपट काढणाऱ्या संस्था सहसा नाही म्हणत नाहीत.

येलदरीची चकती

स्नेहसंमेलनाच्या चकतीला अर्थातच कुलूप नव्हते. तिची अडचण निराळी होती. कारखान्यात छापलेल्या चकतीतील खड्डे प्लॅस्टिकमध्ये दाबून उठवलेले असतात. घरी किंवा दुकानात लिहिल्या जाणाऱ्या चकतीत खड्डे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगाचा एक थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर डाग पाडले जातात. जपानमधील ताइयो युदेन कंपनीने १९८८ साली अशी चकती तयार केली. हा रंग ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी बिघडतो. मराठवाड्याचा उन्हाळा आणि पत्र्याचे कपाट हे तिचे शत्रूच म्हणावे लागतील. शिवाय सीडीच्या व व्हीसीडीच्या वरच्या बाजूस धातूच्या थरावर केवळ लाखेसारखा पातळ लेप असतो. पुष्कळ जण खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव लिहितात. वस्तुतः वरचा ओरखडाच अधिक घातक असतो, कारण तो थेट माहितीच उखडून टाकतो. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लॅस्टिकच्या पत्र्यांमध्ये असल्याने ती याबाबतीत अधिक सुरक्षित असते.

आम्ही चकती मऊ कोरड्या फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसू नये, कारण ओरखडा मार्गाच्या दिशेने पडला तर सलग माहिती जाते. मग संगणकाच्या ड्राइव्हमध्ये तिला कमी वेगाने, पुन्हापुन्हा प्रयत्न करणाऱ्या आज्ञावलीने वाचायला घेतले. पहिला ड्राइव्ह ४० मिनिटांच्या पुढे जाईना. दुसरा ५२ मिनिटांपर्यंत गेला. तिसरा, एका जुन्या संगणकातून काढलेला, तुलनेने चिवट निघाला. भिंग आणि लेसर यांच्या बारीकसारीक फरकांमुळे एक ड्राइव्ह जे वाचत नाही ते दुसरा वाचतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तीनही वाचने एकत्र करून ६८ मिनिटांपैकी पहिली ६५ मिनिटे मिळाली. शेवटची तीन मिळाली नाहीत. चकती आतून बाहेर लिहिली जाते, म्हणून कार्यक्रमाचा शेवट बाहेरच्या कडेला असतो. नेमका त्याच कडेवरचा लेप सुटला होता आणि खालचा धातू काळवंडला होता. मुख्याध्यापकांचे भाषण सुरू होते, विद्यार्थ्यांची नावे घेत ते धरणावरच्या सहलीची आठवण सांगू लागतात आणि चित्राचे चौकोन होऊन थांबते. पाच वर्षांपूर्वी हेच काम केले असते तर भाषण पूर्ण मिळाले असते, असे आम्हाला वाटते.

म्हणून आमची शिक्षकांना विनंती आहे. कपाटातील चकत्या आजच बाहेर काढा. त्यांतील ज्या जगात इतरत्र मिळणार नाहीत त्या आधी घ्या. म्हणजे संमेलने, निरोपसमारंभ, गावातील वृद्धांच्या मुलाखती, लग्ने. बाजारातील चित्रपट नंतर. नव्या संगणकांत चकतीचा ड्राइव्ह नसतो, पण बाहेरून जोडायचा मिळतो. संपूर्ण चकतीची जशीच्या तशी प्रतिमा एका फाइलीत उतरवावी. मोबाइलवर दिसेल असे छोटे रूप हवे तर तेही करावे, पण त्याच्यासाठी मूळ फाइल पुसू नये, कारण रूपांतरात माहिती गाळली जाते आणि ती परत येत नाही. फाइलीची पडताळणी-संख्या काढून वहीत लिहून ठेवावी. वर्षाने ती पुन्हा काढून पाहिली आणि एक अक्षरही बदललेले असेल, तर संख्या वेगळी येते. दोन प्रती निराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक निराळ्या इमारतीत ठेवावी. पुण्याच्या आगीचा धडा शाळेच्या कपाटालाही लागू आहे. हे काम नववी-दहावीच्या मुलांना देता येईल. त्यांना त्यात प्रकाशशास्त्र, गणित आणि गावाचा इतिहास एकत्र शिकायला मिळेल.

आमचे स्नेही ६५ मिनिटांची फाइल घेऊन येलदरीला परत गेले. जाताना त्यांना आठवले, की त्या वर्षी कार्यक्रमाच्या प्रती मागणारी काही मुले होती. २००५ च्या तुकडीतील मुले आता परभणी, नांदेड, पुणे अशी पांगली आहेत. त्यांतील एकेकाला ते सध्या फोन करीत आहेत. कुणाच्या तरी घरी, एखाद्या ट्रंकेत, दुसरी प्रत असेल तर राहिलेली तीन मिनिटे मिळतील.